धारेवरून आलेला फोन

सिंधूचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतरच्या रविवारी व्यंकटनं तिची गादी ऑटोत घालून मकबूलच्या दुकानात आणली. वर्ष सरेपर्यंत घरात काही नवं-जुनं करू नये म्हणतात, म्हणून गादी वर्षभर गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. कापसाचे गठ्ठे झाले होते. आता तो पिंजून घ्यायचा आणि दोघांच्या गादीची एकट्याची करायची, एवढंच काम होतं.

मकबूलचं दुकान देगलूरच्या बसस्टँडमागं. त्याचा बाप दारोदार फिरून धनुकलीनं कापूस पिंजायचा; मकबूलनं मशीन घेतलं. व्यंकटची आणि त्याची दोस्ती शाळेपासूनची. गादी उसवता उसवता मकबूल म्हणाला, "एकट्याची केली तर कापूस लई उरंल. काय करू त्याचं?"

"उशा कर."

"एका डोक्याला किती उशा लागतात यंकट तुला? सरपंचबी एवढ्या घेऊन झोपत न्हाई."

व्यंकट हसला. वर्षभरात जो काय थोडा हसला, तो याच दुकानात.

मशीन सुरू झालं. दुकानात कापसाचा भुसका उडायला लागला. व्यंकट बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसला आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. साक्षीचा होता. त्याला नवल वाटलं. पोरगी दर रविवारी फोन करायची, पण रात्रीच्या जेवणानंतर. आता तर दुपार कलत होती. तिच्याकडं म्हणजे सकाळच असणार.

"अप्पा, आवाज येतो का?"

आवाजाच्या मागं वारा होता. शेतात ताडपत्री फडफडावी तसा.

"येतो. कुठं हायेस?"

"धारेवर."

साक्षी विलायतेत होती. वेल्स नावाच्या भागात, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला. तिला तिकडं नेलं मकबूलच्या पोरीनं. अर्शिया तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, तिथल्या दवाखान्यात नर्स. दोघी एका खोलीत राहायच्या. माय गेल्यावर साक्षी परत तिकडं गेली आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायला लागली. आधी एकटीच, मग अर्शियाही तिच्याबरोबर. त्या डोंगराचं नाव व्यंकटच्या तोंडात बसत नव्हतं, म्हणून तो 'तुझी धार' म्हणायचा. तिनं एकदा व्हिडिओ पाठवला होता. घराच्या आढ्यावरून चालावं तशी दगडाची अरुंद धार, कोसभर लांब, दोन्ही बाजूंनी खोल. काही ठिकाणी उभं राहून चालताच येत नाही. हातापायांनी खडक धरत सरकावं लागतं. दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय, कायम खडकावर पाहिजेत, असं ती शिकली होती. व्हिडिओत तिच्या गळ्यात सिंधूची डाळिंबी साडी गुंडाळलेली होती. वर जाऊन बसलं की तीच पांघरते, म्हणाली. तो व्हिडिओ बघून व्यंकटला त्या रात्री झोप आली नाही. तिला मात्र त्यानं लिहिलं, लई छान हाय.

"अप्पा, नीट ऐका. अर्शिया पडली."

ढग आला, म्हणाली. हात लांब केला तर बोटं दिसेनात. अर्शिया पुढं होती. तिनं धरलेला दगडच उपटून हातात आला आणि ती उजव्या अंगाला घसरत गेली. खाली एक कपार आहे, तिथं अडकली. तीन-चार परस खाली असेल. गावाकडं विहिरीची खोली मोजतात तसं तिनं सांगितलं, म्हणजे त्याला कळावं. रेस्क्यूवाल्यांना फोन केला आहे. ढगात हेलिकॉप्टर येत नाही, माणसं पायी चढून येत आहेत. वेळ लागणार. तोवर जागची हलू नको म्हणालेत.

"बोलून राहिली का ती?"

"कण्हते. मधी मधी."

मग ती म्हणाली की रेस्क्यूवाल्यांनी एक गोष्ट विचारली आहे. अर्शियाला कोणतं औषध चालत नाही का, ते. तिला नक्की आठवत नव्हतं. लहानपणी काहीतरी झालं होतं. "चाचाला विचारा. पण पडली म्हणून सांगू नका. उगी काहीतरी निमित्त काढून विचारा. बॅटरी कमी हाय, मी करते परत."

फोन बंद झाला. व्यंकट बाकड्यावर तसाच बसून राहिला. आत मशीन चालू होतं. मकबूल सिंधूच्या गादीतला कापूस मूठ-मूठ मशीनला देत होता आणि कुठलंतरी जुनं गाणं गुणगुणत होता.

निमित्त काढायचं तर व्यंकटला कधीच जमलं नव्हतं. तो आत गेला, पाण्याच्या माठाशी उभा राहिला, पाणी प्याला. पुन्हा बाहेर आला. पुन्हा आत गेला. शेवटी म्हणाला, "अरे, ती अर्शिया बारकी असताना तिला कायतरी इंजेक्शनचं झालं होतं न्हाई का?"

"हौ. पेनिसिलिन. सगळं आंग सुजलं होतं. नांदेडला न्यावं लागलं." मकबूलनं आणखी एक मूठ मशीनला दिली. "कामून?"

"न्हाई, असंच. शेजारच्या पोराला गांधी उठल्यात."

मकबूलनं मान हलवली. मग त्याचा हात थांबला. त्यानं व्यंकटकडं पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिला. मग हात लांब करून त्यानं मशीन बंद केलं. दुकानात एकदम शांत झालं.

"यंकट," तो म्हणाला, "तू मला हैदराबादचा रस्ता दाखवून राहिला का?"

हैदराबादचा रस्ता म्हणजे काय, ते त्या दोघांनाच ठाऊक होतं.

वर्षापूर्वी सिंधू नांदेडच्या दवाखान्यात गेली. डोक्यातली शीर फुटली होती. साक्षीला फोन करायचा तर लांबच्या माणसाला कसा करतात, तसाच केला. माणूस गेलं असं फोनवर कुणी सांगत नाही. तब्येत जास्त आहे, निघून ये, एवढंच म्हणायचं; एकटं माणूस, वाटेत काय करून घेईल. सगळे असंच करतात. व्यंकटच्या बापाच्या वेळीही असंच केलं होतं. साक्षी विमानात बसली तेव्हा सिंधू जाऊन काही तास झाले होते. तिला आणायला मकबूल आसिफची, म्हणजे पुतण्याची, गाडी घेऊन हैदराबादला गेला. तिथून देगलूरपर्यंत साक्षी विचारत राहिली आणि मकबूल सांगत राहिला, श्वास चालू हाय बेटा, आयसीयूत हाय. मग घरी कामून चाललो, असं तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, कपडे घेऊन जाऊ. वाटेत एक बाई सीताफळं विकायला बसली होती. मायला आवडतात म्हणून साक्षीनं गाडी थांबवून पिशवीभर घेतली. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली आणि तिला दारापुढं डोक्याला टॉवेल बांधून बसलेली माणसं दिसली. ती पिशवी हातात घेऊनच उतरली.

तेव्हापासून ती रविवारी फोन करायची, पाऊस विचारायची, जेवण विचारायची. बाकी काही विचारायची नाही. कशी हायेस म्हटलं तर म्हणायची, तुम्ही सांगता तशीच, बरी.

"बोल ना," मकबूल म्हणाला. "अर्शियाला काय झालं?"

व्यंकटनं तोंड उघडलं आणि फोन वाजला.

"पेनिसिलिन," तो फोन कानाला लावून आधी तेवढंच बोलला.

"बरं. सांगते त्यांना." साक्षीला धाप लागली होती. "अप्पा, ती आता आवाज देईना. मी लई हाका मारल्या. मी खाली उतरून राहिले."

"नको. ते हलू नको म्हणालेत ना?"

"त्यांना यायला अजून लई वेळ हाय. कुणी न्हाई तिच्याजवळ. थंडी लई हाय." मग म्हणाली, "मायची साडी हाय. वर दगडाला बांधली. विहिरीत उतरतो तसं जाते."

व्यंकट गादीच्या रिकाम्या खोळीवर बसला. विहिरीत उतरायचं त्यानंच तिला शिकवलं होतं, त्यांच्या शेतातल्या विहिरीत. तिच्या कमरेला दोर आणि तो दोर त्याच्या हातात. भिंतीतून बाहेर आलेले दगडी पायटे, आणि तोंड कायम भिंतीकडं.

ती डाळिंबी साडी त्याच्या डोळ्यांपुढं आली आणि आणखी एक गोष्ट आठवली.

"साक्षी, ती साडी फाटकी हाय."

पलीकडं कापड ओढल्याचा आवाज आला.

"कुंपणाच्या तारेला अडकून फाटली होती. तुझ्या मायनं आतून शिवली. वरून दिसत न्हाई. भार टाकू नको तिच्यावर."

"अप्पा." तिचा आवाज एकदम थंड झाला. "तुम्ही असंच म्हणणार."

"खरं सांगून राहिलो."

"मायचा श्वास पण चालू होता ना?" खडकावर काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. "चाचाला सांगितलं का अर्शियाचं?"

मकबूल समोर उभा होता. दाढीवर कापूस चिकटला होता. तो हात पुढं करत नव्हता, काही विचारतही नव्हता.

"न्हाई," व्यंकट म्हणाला.

"बघा. सांगू नका म्हणाले मीच, तुम्हाला ते लगेच जमलं. मला म्हणायचं साडी फाटकी हाय, त्यांना म्हणायचं सगळं बरं हाय." ती थोडं हसल्यासारखी झाली. "तुमचं कोणतं खरं धरू मी? ठेवते. मला दोन्ही हात लागतात धरायला."

"ठेवू नको. फोन स्पीकरवर टाकून वरच्या खिशात ठेव. ऐक तू आता."

व्यंकटनं फोनचा स्पीकर लावला आणि फोन पसरलेल्या कापसावर ठेवला. बोलायला लागला तेव्हा त्याला कळलं की आपण हे असं कधी कुणाला सांगितलेलं नाही. आधी पाणी देतात, खाली बसवतात, दोन माणसं जवळ बोलावतात.

"मकबूल, तुझी पोरगी डोंगरावरून पडली. तीन-चार परस खाली. एका कपारीत अडकलीय. आधी कण्हत होती, आता आवाज देत न्हाई. बेशुद्ध हाय का गेली, कुणालाच माहीत न्हाई. सुटका करणारी माणसं निघालीत, पण ढग हाय, वेळ लागंल. साक्षी वर हाय आणि सिंधूची फाटकी साडी धरून खाली उतरून राहिली."

फोनमधून नुसता वारा येत होता.

मकबूल मशीनला टेकला. व्यंकट त्याच्या तोंडाकडं बघत होता, आणि त्या वेळी त्याच्या मनात जे आलं त्याची त्याला भीती वाटली. मकबूलनं नुसतं 'जा' म्हटलं की साक्षी उतरणार. पोरगी ज्याची खाली पडली आहे, तो माणूस जा म्हणणार नाही तर काय म्हणेल? व्यंकट त्याच्या जागी असता तर म्हणाला असता. बहुतेक म्हणालाच असता.

मकबूल फोनपाशी आला आणि गुडघ्यावर बसला.

"साक्षी बेटा."

"चाचा," ती म्हणाली. आवाज फुटला तिचा.

"साडी फाटकी हाय का न्हाई, मला ठाऊक न्हाई बेटा. पण ह्यानं आत्ता मला जे सांगितलं, ते खोटं असतं तर मला लई बरं वाटलं असतं." तो फोनवर आणखी वाकला. "उतरू नको. तू बी पडली तर त्यांना दोघींना काढावं लागंल. वर जा."

साक्षी म्हणाली, "मी उतरलेय चाचा. वर न्हाई मी."

व्यंकटनं फोनकडं तोंड नेलं. "किती उतरली?"

"माणूसभर. हात वर, साडीला धरलंय. एक पाय ठेवलाय. दुसऱ्याला जागा मिळंना."

"साडीचा पदर वर हाय का खाली?"

"वर. दगडाला पदराकडून बांधली."

"पदरापासून हातभर खाली, काठाच्या आतल्या अंगाला बघ. बोटानं बघ. तांदळाच्या दाण्याएवढे टाके हायेत, ओळीनं."

कपड्याचा सरसर आवाज आला. दोघं फोनवर वाकले होते. दुकानात एक गिऱ्हाईक डोकावलं. मकबूलनं न बघताच हातानं जा म्हणून खुणावलं.

"न्हाईत अप्पा. काहीच न्हाई इथं."

"दुसरा काठ बघ. हिरवा धागा हाय. डाळिंबी मिळाला न्हाई तेव्हा, काठात खपला म्हणून हिरवा घातला."

तिनं श्वास आत घेतल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

"हाय. माझ्या डोक्याच्या वरच हाय. उसवून राहिलंय अप्पा. दोन टाके निघालेत."

"साडी सोड."

"सोडली तर मी—"

"साडी हातात न्हाई असं समज. खडक धर. तोंड कुणीकडं हाय तुझं?"

"खडकाकडं."

"मग विहीर हाय ती. एवढंच हाय. एक पाय पक्का हाय ना? उजवा का डावा?"

"डावा."

"डावा तिथंच राहू दे. साडीचा हात काढ आणि खडकावर ठेव. घाई करू नको. धरायला काय हाय?"

"फट हाय. बोटं जातात."

"हालवून बघ. हलतं का?"

"न्हाई."

"मग धर. आता दुसरा हात."

तिनं दुसरा हात काढला असावा, कारण तिचं बोलणं थांबलं आणि दात आवळून घेतलेले श्वास ऐकू यायला लागले. व्यंकटची स्वतःची बोटं गादीच्या खोळीत रुतली होती. तो तिला दिसत नव्हता आणि ती त्याला दिसत नव्हती. तेव्हा दोर तरी हातात होता. आता हातात खोळीचं कापड होतं, दुसरं काही नाही.

"दुसरा पाय वर घे. तू उतरताना कुठं ठेवला होता, ते आठव. तिथंच ठेव. नवी जागा शोधू नको."

"गुडघ्याच्या वर हाय ती."

"असू दे. घे वर."

एक धोंडा निसटला. तो आपटत खाली गेल्याचा आवाज फोनमधून आला, एकदा, पुन्हा एकदा, मग लांबून. मकबूलनं डोळे मिटले. धोंडा कुठं गेला, कुणावर गेला, हे तिघांच्याही मनात आलं असणार, पण कुणी बोललं नाही.

"साक्षी."

व्यंकटनं फोन उचलून तोंडाशी धरला.

"साक्षी, पाय कुठं हाय?"

"ठेवला," ती म्हणाली. अगदी बारीक आवाजात. "ठेवला अप्पा. आता उठू का?"

"आधी बघ, तिन्ही पक्के हायेत का. तुलाच माहीत हाय ते, मला काय विचारते."

"दोन हात, एक पाय. पक्के हायेत."

"मग उठ."

कपडा खडकाला घासल्याचा आवाज आला, एक हुंकार आला, आणि मग बराच वेळ नुसता वारा आणि तिची धाप. शेवटी म्हणाली, वर आले. दगडाला मिठी मारून बसले.

"साडी?"

"लोंबते खाली. ओढू का वर?"

"हात लावू नको तिला."

मकबूलनं फोन हातात घेतला. त्यानं साक्षीला सांगितलं की फोन कपारीकडं धर, जेवढा लांब जाईल तेवढा, पण तू वाकू नको. मग त्यानं अर्शियाला हाक मारली. अर्शू, बेटा, अब्बा बोल रऊँ. दवाखान्यातली माणसं येऊन राहिलेत, डरना नक्को. तो हे तीन-चार वेळा म्हणाला, नेहमीच्याच आवाजात, दुकानातून घराकडं निरोप द्यावा तसं. खालून काही आलं नाही. निदान इथवर काही ऐकू आलं नाही. वारा मध्ये आला असेल.

साक्षी म्हणाली, बॅटरी संपत आली आहे, रेस्क्यूवाल्यांसाठी राखायची आहे. आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "अप्पा, मी हलणार न्हाई आता. खरंच न्हाई."

फोन गप्प झाला तसा मकबूल उठला आणि कामाला लागला. मशीन त्यानं लावलं नाही. पिंजलेला कापूस हातानंच खोळीत भरायला लागला, कोपरे दाबत, काठीनं पसरत. व्यंकटनं त्याला करू दिलं. बाहेर बस लागायच्या, सुटायच्या. कंडक्टर उदगीर-उदगीर ओरडत होता.

थोड्या वेळानं व्यंकट म्हणाला, "भाभीला सांगावं लागंल."

"सांगू." मकबूलनं मान वर केली नाही. "दवाखान्यात हाय म्हणू. पाय मुरगळलाय म्हणू. फोन आल्यावर बघू पुढचं."

मकबूलनं आणखी दोन मुठी कापूस भरला. मग काठी खाली ठेवली.

"लई सोपं वाटतं रे ते," तो म्हणाला. "तोंडात आपोआप येतं."

"हाव."

"चल."

दुकानाचं शटर ओढून दोघं मकबूलच्या घरी गेले. घर मागच्याच गल्लीत. शहजादी अंगणात मिरच्या निवडत बसली होती. या वेळी दोघं एकत्र घरी आलेले बघून तिनं सूप बाजूला ठेवलं. मकबूलला बोलता येईना. उंबऱ्याशी उभा राहून तो नुसता व्यंकटकडं बघायला लागला, म्हणून व्यंकटनं सांगितलं. दुकानात सांगितलं तसंच, काही न वगळता.

शहजादी ओरडली नाही. तिनं मिरचीचे हात ओढणीला पुसले आणि तिचे डोळे लाल झाले, मिरचीनं का कशानं कुणाला माहीत.

"जिती है क्या, यंकट भाई?"

"माहीत न्हाई भाभी."

"सच्ची माहीत न्हाई? का है माहीत, पन बोलते न्हाई?"

"माहीत असतं तर सांगितलं असतं. काय असतं ते सांगितलं असतं."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग खाली बसली आणि म्हणाली, बसा. मग तिघं बसले. फोन मध्ये खाटेवर ठेवला होता. गल्लीतली एक बाई हळद मागायला आली, तिघांची तोंडं बघून तशीच परत गेली. मशिदीत अजान झाली. मकबूल उठला, हातपाय धुतले, आतल्या खोलीत जाऊन नमाज पढून आला. शहजादीनं एकदाच विचारलं, तिथं थंडी असते का. असते, व्यंकट म्हणाला. दुसरं काही सांगण्यासारखं त्याच्याकडं नव्हतं, आणि त्यानं काही बनवलंही नाही.

रात्री उशिरा फोन वाजला. नंबर अनोळखी, परदेशातला. व्यंकटनं स्पीकर लावला.

"अप्पा, मी. दवाखान्यातून बोलते, इथल्या नर्सच्या फोनवरून. चाचा हायेत का?"

"सगळे हायेत. सांग."

साक्षीनं सांगितलं. अर्शिया जिवंत आहे. माणसं दोर लावून तिच्यापर्यंत उतरली, स्ट्रेचरवर बांधून खाली आणली. खुबा मोडला आहे. पाय दोन ठिकाणी मोडला आहे. ते ऑपरेशननं होईल. पण डोक्याला मार आहे, आणि त्याचं डॉक्टर उद्यापर्यंत काही सांगत नाहीत. पुरती शुद्धीवर नाही. गाडीत एकदा डोळे उघडून अम्मी म्हणाली आणि पुन्हा मिटले. पेनिसिलिनचं त्यांना सांगितलं आहे, तिच्या मनगटाला तशी पट्टी बांधली आहे.

"और?" शहजादी फोनकडं वाकली. "और क्या है? छुपाना नक्को."

"आणखी काही न्हाई चाची. एवढंच माहीत हाय. उद्या जे सांगतील ते जसंच्या तसं सांगीन. चांगलं असो, वाईट असो."

शहजादीनं मान वर करून व्यंकटकडं पाहिलं. तो म्हणाला, "तिचं खरं हाय भाभी."

तेव्हा शहजादी रडली. मकबूल तिच्याजवळ जाऊन बसला, आणि व्यंकट फोनचा स्पीकर बंद करून अंगणाच्या बाहेर, गल्लीत आला. साक्षीनं फोन ठेवला नव्हता. वारा नव्हता आता. तिच्यामागं कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं, चाकं फिरल्याचा आवाज येत होता.

"तुला काय लागलं?"

"हात सोललेत. नखं गेली दोन." मग म्हणाली, "साडी वरच राहिली."

"राहू दे."

"अप्पा, माय कधी गेली?"

व्यंकट भिंतीला टेकला. एवढ्या रविवारात तिनं हे विचारलं नव्हतं.

"तिकीट काढून तू फोन केला ना, निघाले म्हणून. तेव्हा मी दवाखान्याच्या बाहेर उभा होतो. आत झालं होतं सगळं. चाचाला मीच सांगितलं, वाटेत बोलू नको म्हणून. त्याचं मन नव्हतं."

"मावशी म्हणाली, शेवटी माझं नाव घेतलं."

हे त्यालाही ठाऊक होतं. नायगावची मावशी सगळ्यांना तेच सांगायची, आणि त्यानं कधी मोडता घातला नव्हता. पोरीला तेवढंच बरं वाटत असेल, असं त्याला वाटायचं.

"न्हाई घेतलं," तो म्हणाला. "कुणाचंच घेतलं न्हाई. दवाखान्यात नेल्यावर ती बोललीच न्हाई. सकाळी मी शेताकडं निघालो तेव्हा बोलली तेवढंच."

"काय बोलली?"

"भाकरी झाकून ठेवलीय, वेळेवर येऊन खावा म्हणाली."

ती रडत होती का, ते त्याला कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही. मग ती म्हणाली, "खाल्ली का तुम्ही?"

"न्हाई. झाकलेलीच राहिली. चौथ्या दिवशी कुणीतरी ताट उचललं."

"भाजी कशाची होती?"

"वांग्याची," व्यंकट म्हणाला. "बस कुठंतरी खुर्चीवर. सगळं सांगतो."